घराचा फोटो कोणाचा: मालकाचा, एजंटचा की फोटोग्राफरचा?

लातूरला औसा रोडवरचा एखादा टू बीएचके विकायला निघाला की आठवड्याभरात त्याचे तेच फोटो चार ठिकाणी दिसू लागतात. एका पोर्टलवर मालकाच्या नावाने, दुसऱ्यावर एजंटच्या नावाने, फेसबुक ग्रुपवर 'डायरेक्ट पार्टी' म्हणून आणि कुणाच्या तरी व्हॉट्सॲप स्टेटसला भलत्याच नंबरसह. फोटो कोणाचे असं यातल्या कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: "ज्याचं घर त्याचे फोटो." कायद्याच्या लेखी मात्र घराची मालकी आणि फोटोची मालकी यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. घराची मालकी खरेदीखतावरून ठरते. फोटोची मालकी दोन प्रश्नांवरून ठरते: काढला कोणी, आणि काढण्याचे पैसे कोणी दिले?

आपल्याकडे हा विषय कॉपीराइट कायदा, १९५७ खाली येतो. त्यात फोटोला 'कलाकृती' म्हटलं आहे आणि फोटो काढणारी व्यक्ती ही त्याची कर्ती मानली आहे. कॅमेरा भारीतला होता की बारा हजारांचा मोबाईल, याने काही फरक पडत नाही. थोडं कौशल्य, थोडी निवड दिसली की पुरे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या प्रकरणात मौलिकतेची पातळी साधारण एवढीच ठेवली आहे. स्वयंपाकघरातला ओटा आणि खिडकी दोन्ही चौकटीत यावीत म्हणून कोपऱ्यात उभं राहून घेतलेला फोटो या कसोटीला सहज उतरतो. हक्क फोटो काढल्याक्षणी तयार होतो, नोंदणी लागत नाही, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो कर्त्याच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षं टिकतो.

पण कर्ता आणि पहिला मालक हे दोघे एकच असतील असं नाही, आणि घोळ होतो तो इथेच. इंटरनेटवर या विषयावरचा बहुतेक सल्ला अमेरिकेतला असतो: फोटोग्राफरने फोटो काढला, हक्क त्याचा, एजंटला फक्त वापरायची परवानगी. आपल्या कायद्याचं कलम १७(ब) नेमकं उलट सांगतं. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक तो सांगणारा. म्हणजे सातारा परिसरातल्या एका रो हाऊसच्या मालकाने फोटोग्राफरला तीन हजार देऊन शूट करून घेतलं आणि हक्कांबद्दल कुणीच काही बोललं नाही, तर ते फोटो मालकाचे. फोटोग्राफरने नंतर तेच फोटो 'रॉयल्टी द्या' म्हणून अडवले तर त्याचं म्हणणं टिकणार नाही. इतकंच काय, स्वतःच्या जाहिरातीत वापरायलाही त्यालाच मालकाला विचारावं लागेल. आपल्या भागातल्या बऱ्याच फोटोग्राफर मंडळींना हे माहीत नसतं, आणि पाहुण्याच्या लग्नाच्या फोटोंपासून ते फ्लॅटच्या फोटोंपर्यंत सगळीकडे 'माझ्या कॅमेऱ्यातले, म्हणजे माझे' हा हिशोब चालू असतो.

मोबदला नसेल तर चित्र पालटतं. शेजारच्या मुलाने हौसेखातर, फुकटात, छान वाइड लेन्स लावून फोटो काढून दिले, तर ते त्याचेच. तुम्हाला मिळते ती वापरायची परवानगी, आणि तीही गृहीत धरलेली.

आता एजंट. एजंट स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढतो, पोर्टलवर टाकतो, सौदा झाला तर दोन टक्के घेतो. मालकाने फोटोसाठी वेगळे पैसे दिलेले नाहीत. दलाली ही सौद्याची, फोटोची नव्हे, म्हणून हे फोटो एजंटचे मानणं जास्त सयुक्तिक. मालकाकडूनही युक्तिवाद करता येईल की दलालीतच सगळं आलं. पण सौदाच झाला नाही तर मोबदला कुठला, या प्रश्नावर तो अडकतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की मालकाने एजंट बदलला की जुन्या एजंटचे फोटो नव्याच्या हाती देऊ नयेत. सरळ नवे काढावेत. तासाभराचं काम आहे, भांडण सहा महिन्यांचं असतं. एजंटच्या ऑफिसात पगारावर असलेल्या पोराने फोटो काढले असतील तर कलम १७(क) प्रमाणे ते ऑफिसच्या मालकाचे होतात. तो पोरगा उद्या स्वतःचं दुकान टाकून तेच फोटो लावू शकत नाही. मात्र 'पगारावर' आणि 'कामापुरता बोलावलेला' यात फरक आहे. कामापुरत्या माणसाला १७(ब) लागू होतं आणि तिथे मोबदल्याचा पुरावा हवा. रोख दिले असतील तर निदान "आजच्या शूटचे २,५०० मिळाले" एवढा मेसेज त्याच्याकडून घ्यावा.

काही पोर्टल आपला फोटोग्राफर घरी पाठवतात, बऱ्याचदा फुकट किंवा पॅकेजमध्ये. फुकट पाठवला असेल तर ते फोटो सहसा पोर्टलचे असतात, कारण त्या फोटोग्राफरला पैसे पोर्टल देतं. पॅकेजचे पैसे तुम्ही भरले असतील तर मालकी कोणाची हे त्या पॅकेजच्या अटींत लिहिलेलं असतं, तिथे बघा. पोर्टलचे फोटो उचलून दुसऱ्या पोर्टलवर टाकले की काढून टाकण्याची नोटीस येते आणि मालक चक्रावतो: "माझ्याच घराचे फोटो मलाच वापरता येत नाहीत?" हो, तसंच आहे. उलट बाजूने, तुम्ही स्वतःचे फोटो पोर्टलवर चढवता तेव्हा मालकी पोर्टलकडे जात नाही. पण अटी मान्य करताना बहुतेक ठिकाणी तुम्ही त्यांना ते फोटो दाखवायची, लहान-मोठे करायची, जाहिरातीत वापरायची परवानगी देऊन टाकता. जाहिरात काढल्यावर ती परवानगी संपते का, एवढी एकच ओळ अटींमध्ये शोधून वाचावी. बाकी वाचलं नाही तरी फारसं बिघडत नाही.

फोटो सोडून बाकीच्या चित्रांचा नियम वेगळा आहे, आणि बिल्डर लोक इथे हमखास फसतात. कलम १७(ब) च्या यादीत फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट, एनग्रेव्हिंग आणि चित्रफीत आहे. नकाशा किंवा आराखडा नाही. त्यामुळे आर्किटेक्टला पूर्ण फी दिली तरी फ्लोअर प्लॅनचा कॉपीराइट आपोआप बिल्डरकडे येत नाही. तो आर्किटेक्टकडेच राहतो, जोवर तो लेखी हस्तांतरित करत नाही. ब्रोशरमधली थ्रीडी चित्रंही याच गटात धरून चालावं. संगणकावर तयार झालेल्या कृतीचा कर्ता ती घडवून आणणारा असं कायदा म्हणतो, आणि 'घडवून आणणारा' म्हणजे ऑर्डर देणारा बिल्डर की कॉम्प्युटरवर बसलेला कलाकार, यावर वाद घालायला भरपूर जागा आहे. तो वाद नकोच असेल तर कामाच्या ऑर्डरमध्येच हस्तांतराचं वाक्य घालावं. ड्रोनवरून घेतलेला व्हिडिओ मात्र चित्रफितीत मोडतो, तिथे पैसे देणाऱ्याची बाजू पुन्हा भक्कम.

इमारतीचा फोटो रस्त्यावरून काढला तर आर्किटेक्टची परवानगी लागत नाही, कलम ५२ मध्ये वास्तूच्या फोटोला सरळ सूट आहे. घराच्या आत शिरायला मात्र राहणाऱ्याची संमती हवीच, आणि भाडेकरू असेल तर त्याची. भिंतीवरचा कुटुंबाचा फोटो, देवघर, फ्रिजवर चिकटवलेलं लाइट बिल, दारातल्या गाडीची नंबर प्लेट, हे सगळं चौकटीत येतं. हा कॉपीराइटचा नव्हे, खासगीपणाचा प्रश्न. पण तक्रार आली की फोटो उतरवावेच लागतात, तेव्हा आधीच बाजूला केलेलं बरं.

हे सगळे वाद शूटच्या आधी पाठवलेल्या एका मेसेजने मिटतात. वकील नको, स्टॅम्पपेपर नको. फोटोग्राफरने पाठवायचा मेसेज असा असू शकतो:

"नमस्कार दादा, उद्या सकाळी ९ ला गारखेड्याच्या फ्लॅटचं शूट. २० एडिट केलेले फोटो, ३,००० रुपये. फोटोंचा कॉपीराइट माझ्याकडे राहील. तुम्ही आणि तुमचा एजंट हा फ्लॅट विकला जाईपर्यंत कुठल्याही पोर्टलवर, व्हॉट्सॲपवर, बॅनरवर वापरू शकता. दुसऱ्या कुणाला द्यायचे असतील तर आधी मला विचारा. मान्य असेल तर 'मान्य' लिहून पाठवा."

समोरून 'मान्य' आलं की १७(ब) मधलं 'वेगळं काही ठरलेलं नसेल तर' हे वाक्य फोटोग्राफरच्या बाजूने फिरलं. नुसता अंगठ्याचा इमोजी आला तर पुन्हा विचारावं. मालकाला किंवा एजंटला फोटो आपल्याच नावावर हवे असतील तर त्याने उलट मेसेज पाठवावा, की पैसे दिल्यावर सगळे हक्क आमचे. आधीच निर्माण झालेला हक्क नंतर दुसऱ्याच्या नावावर करायचा असेल, तर मात्र मेसेजवर भागत नाही. कलम १९ प्रमाणे त्याला सही केलेला कागद लागतो आणि त्यात कोणते फोटो, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात हे यावं लागतं. काळ लिहिला नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणखी एक मेख आहे: हक्क घेतल्यावर वर्षभरात वापरला नाही तर तो परत जातो, कागदात वेगळं लिहिलं नसेल तर. मोठ्या टाउनशिपचे फोटो आत्ता काढून दोन वर्षांनी जाहिरात करणाऱ्यांनी हे वाक्य विसरू नये.

आता चोरीकडे वळू. 'गुगलवर सापडला', 'वॉटरमार्क नव्हता', 'खाली सौजन्य लिहिलं होतं', 'ग्रुपवर फॉरवर्ड आला होता', 'मी स्क्रीनशॉट घेतला, डाउनलोड नाही केला' या पाचांपैकी एकही बचाव कायद्यात नाही. स्क्रीनशॉट ही प्रतच. अभ्यास, समीक्षा, बातमी यांना सूट आहे. फ्लॅट विकणं त्यात बसत नाही. वॉटरमार्क असेल आणि तो कापून किंवा पुसून फोटो लावला असेल तर प्रकरण आणखी वाढतं. हक्कदाराची माहिती जाणूनबुजून काढणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५ब खाली वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणून वॉटरमार्कमध्ये फक्त फुलाफुलांचा लोगो ठेवण्यात अर्थ नाही. नाव आणि नंबर वाचता येईल असा हवा, आणि कोपऱ्यात नको, कारण कोपरा कापायला दोन सेकंद लागतात. पलंगाच्या किंवा फरशीच्या भागावर, फिकट.

फोटो आपलाच आहे हे सिद्ध करायला मूळ फाइल लागते, आणि तीच बहुतेकांनी गमावलेली असते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्यातली तारीख, कॅमेऱ्याचं मॉडेल वगैरे माहिती निघून जाते. मूळ फाइल पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. त्यात लोकेशनही असू शकतं, म्हणून जाहिरातीला लावायची प्रत आणि जपून ठेवायची प्रत वेगळी असावी. कार्डावरची मूळ फाइल, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता जशीच्या तशी साठवलेली) असेल तर उत्तम, आणि त्याच खोलीचे न वापरलेले दोन-चार फोटोही ठेवा. चोराकडे फक्त तोच एक कापलेला फोटो असतो, तुमच्याकडे कडेचा जास्तीचा भाग आणि आधी-नंतरचे फोटो असतात. पंख्याची पाती नेमक्या त्याच कोनात थांबलेली, बाल्कनीतल्या दोरीवर तोच टॉवेल, आणि तुमच्या फाइलमध्ये उजवीकडे दाराची अर्धी चौकट जास्त: एवढं शेजारी-शेजारी ठेवून दाखवलं की बोलणं संपतं.

चोरी दिसली की सगळ्यात आधी पुरावा, मग फोन. लोक उलट करतात: फोन करून शिव्या घालतात, समोरचा फोटो काढून टाकतो, हातात काहीच राहत नाही. पानाचा पूर्ण पत्ता, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आणि जमल्यास स्क्रीन रेकॉर्डिंग घ्या. कोर्टात जायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलचा हॅश नंबर, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून संगणक काढतो तो तिचा ओळख-आकडा, लिहावा लागतो. म्हणून या फाइल नंतर उघडून एडिट करू नयेत. एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतो. (जुन्या पुरावा कायद्यात याच कामाचं कलमही ६५ब होतं. वकिलाशी बोलताना कुठलं ६५ब हे स्पष्ट विचारा.)

मग पोर्टलला लेखी तक्रार. प्रत्येक पोर्टलला तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, बहुधा पानाच्या अगदी तळाशी असतो. कॉपीराइट नियम, २०१३ च्या नियम ७५ मध्ये तक्रारीत काय हवं ते सांगितलं आहे: फोटोचं ओळख पटेल असं वर्णन, हक्क तुमचा कसा त्याचा तपशील, ही प्रत बेकायदा का आणि ती कलम ५२ च्या सवलतीत का बसत नाही, ती नेमकी कुठे आहे, चढवणारा माहीत असेल तर कोण. शेवटचा मुद्दा लोक गाळतात आणि तक्रार अपुरी राहते: २१ दिवसांत सक्षम न्यायालयात दावा दाखल करून आदेश सादर करीन, अशी हमी. तक्रार पटली तर पोर्टलने ३६ तासांत ती प्रत बंद करायची असते. २१ दिवसांत आदेश आला नाही तर ते पुन्हा चालू करू शकतात. प्रत्यक्षात एकदा उतरलेली जाहिरात पुन्हा चढवायच्या भानगडीत एजंट क्वचितच पडतो, तोवर फ्लॅटही गेलेला असतो.

पण हमी देताना विचार करून द्या, आणि मालकी आपली नसताना धमकावू नका. विनाकारण धमकावलेल्या माणसाला कलम ६० खाली उलट दावा करता येतो. कलम १७(ब) न वाचता मालकाला नोटीस पाठवणारा फोटोग्राफर नेमका याच खड्ड्यात जातो.

दावा करायचाच असेल तर एक सोय आहे: कलम ६२ मुळे दावा करणारा जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. समोरची पार्टी पुण्याची असली आणि तुम्ही परभणीचे, तर परभणीत. दाव्याचं मूल्य तीन लाख किंवा जास्त असेल तर तो व्यावसायिक न्यायालयाच्या कक्षेत जातो आणि तातडीचा मनाई हुकूम मागत नसाल तर आधी मध्यस्थीला बसावं लागतं. भरपाईच्या दाव्याची मुदत तीन वर्षं. फौजदारी बाजूने कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला, त्यामुळे पोलिसांना थेट एफआयआर नोंदवता येतो.

एवढं असूनही एका फ्लॅटच्या दहा-बारा फोटोंसाठी कोर्टाची पायरी चढणं बहुतेकदा परवडत नाही. नुकसान मोजायचं तर शूटच्या बिलाएवढंच निघतं. आपल्या नेहमीच्या दराचं बिल बनवून ते नोटिशीसोबत पाठवावं, 'एवढे द्या किंवा आज संध्याकाळपर्यंत उतरवा' म्हणावं. नव्वद टक्के काम तिथेच होतं असं छातीठोक कुणी सांगू नये, पण खर्च शून्य असतो. कॉपीराइट नोंदणीबद्दलही तेच: प्रत्येक कलाकृतीला ५०० रुपये फी (माल किंवा सेवेसाठी वापरायची कलाकृती असेल तर जास्त) आणि हरकतींसाठी किमान ३० दिवसांची वाट. बिल्डरच्या मुख्य जाहिरातीच्या चित्राला ठीक, भाड्याच्या वन बीएचकेच्या फोटोंना नाही.

एका प्रकारात मात्र थांबू नये. लातूरसारख्या क्लासेसच्या गावात निकालानंतर खोल्यांची झुंबड उडते, आणि त्या सुमारास दुसऱ्याच्या फ्लॅटचे फोटो लावून, भाडं बाजारभावाच्या निम्मं सांगून, 'आधी टोकन टाका, लोक रांगेत आहेत' म्हणत यूपीआयवर पैसे मागणारे निघतात. तिथे कॉपीराइटची नोटीस पाठवत बसणं चूक आहे, ती सरळ फसवणूक आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, मग सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. आपले फोटो तशा जाहिरातीत दिसले तर पैसे गेले नसले तरी पोर्टलला 'बनावट जाहिरात' या पर्यायाखाली कळवा. कॉपीराइटच्या तक्रारीपेक्षा हा पर्याय सहसा लवकर हलतो.

राहिला प्रश्न विकलेल्या घराचा. नवा मालक राहायला येतो आणि त्याच्या बेडरूमचे फोटो अजून तीन पोर्टलवर असतात. कॉपीराइट त्याच्याकडे नाही, घर त्याचं असलं तरी. त्यामुळे त्याने कॉपीराइटची भाषा न करता विक्रेत्याला आणि एजंटला जाहिराती बंद करायला सांगावं, आणि पोर्टलला घर विकलं गेल्याचं कळवून फोटो काढायला लावावेत. याहून सोपं म्हणजे इसार पावतीतच एक ओळ घालणं: खरेदीखत झाल्यापासून सात दिवसांत विक्रेता आणि त्याचा एजंट सर्व ठिकाणचे फोटो उतरवतील.